दोरीच्या नोंदी

"साहेब, हे बनसोडे पायानं अधू आहेत का हो?"

विजयमालानं हे इतक्या सहज विचारलं की बंबखान्याचे साहेब असलेल्या वीरभद्रप्पांनी आधी "नाही" म्हणून टाकलं आणि प्रश्न मागाहून ऐकला. पालिकेच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागून तिला पुरते सहा महिनेही झाले नव्हते. लीडिंग फायरमनच्या परीक्षेचे अर्ज तपासायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं आणि बंबखान्यातून आलेल्या अर्जांतला एक तिनं बाजूला काढून ठेवला होता. मायाप्पा बनसोडेचा. "नाही, म्हणजे दोरीच्या रकान्यात तीन वर्षं शून्यच आहे. नियमानं दहा नोंदी लागतात. मला वाटलं, जखमी वगैरे असतील बिचारे." तिच्या बोलण्यात खोच नव्हती की आगाऊपणा नव्हता. शून्य दिसलं, म्हणून तिनं कारण शोधलं, एवढंच. "पंपावर असतो तो," वीरभद्रप्पा म्हणाले. "तीन वर्षं?" "पंपावरच." "बरं," म्हणत तिनं अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. "सोमवारी संध्याकाळी मुदत संपते. तोवर पुरं करून आणा." आणि ती पुन्हा मशीनवर खटखट करू लागली.

शनिवारची दुपार होती. वीरभद्रप्पा सायकलवर टांग टाकून निघाले. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, गावात पुन्हा मोर्चे निघू लागले होते, मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावली जात होती, फाल्गुनातच ऊन टाळूवर बसायला लागलं होतं; आणि या सगळ्यातून जाताना त्यांना दिसत होते ते फक्त स्वतःचे पाय. पायडल खाली जात होतं, वर येत होतं. अधू. चाळिशी उलटल्यावर माणूस दुखण्याखुपण्याचे शब्द निमूट ऐकून घेतो, पण हा शब्द काही केल्या डोक्यातून हलेना. कुणी म्हणालं असतं, 'तुमच्या बंबखान्यात जात पाळतात', तर त्यांनी बाह्या सरसावल्या असत्या. त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत या बंबखान्यात जातीचं नाव कुणाच्या तोंडून निघालेलं त्यांना आठवत नव्हतं. निघालेलं नव्हतंच. मायाप्पाची जातही कुणी कधी उच्चारली नव्हती. राखीव जागेवर आला, एवढं पत्रात होतं, आणि पत्र सगळ्यांनी वाचलं होतं. पण या मुलीनं जातीचं काही विचारलंच नव्हतं. धडधाकट माणूस तीन वर्षं दोरीला का लागला नाही, एवढंच विचारलं होतं, आणि त्याला वीरभद्रप्पांकडे उत्तर नव्हतं.

दोरीचं काम असं, की धुरात आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दुसऱ्यानं त्याचं टोक धरून उंबऱ्यावर उभं राहायचं. एक हिसका म्हणजे ठीक. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे ओढ, काहीही होवो, ओढ. आतल्याला डोळे नसतात, कान नसतात, नाकावर ओला पंचा असतो आणि कमरेला तो दोर असतो. आतला काय, उंबऱ्यावरचा काय, दोघांच्या नावावर नोंद पडते. आगीत असो नाहीतर धुराच्या खोलीतल्या सरावात असो, दिवसाला एकच. ही दोघांची जोडी. आणि या बंबखान्याची रीत अशी, की जोडीनं त्या दिवशी आधी एका ताटात जेवायचं, मगच दोराला हात लावायचा. ही रीत कुठल्या नियमाच्या पुस्तकात नव्हती. बंबखान्यातल्या जुन्याजाणत्या गुरप्पा अण्णांनी ती घालून दिली होती. भवानी पेठेत सुताच्या गोदामाला आग लागली तेव्हा छप्पर कडाडलेलं ऐकून उंबऱ्यावरचा माणूस दोर टाकून पळाला, आणि आतला बाहेर आला नाही. त्यानंतर अण्णांनी पितळेची परात आणली. "मीठ एकच असलं की हात सुटत न्हाय," ते म्हणाले. मराठीतही म्हणाले आणि कानडीतही म्हणाले, म्हणजे कुणी भाषेची सबब सांगायला नको. त्या परातीत लिंगायत जेवले, मराठे जेवले, विणकरांच्या घरचे तेलुगू जेवले, ड्रायव्हर महबूबभाई जेवले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. त्या काळी ही केवढी गोष्ट होती! वीरभद्रप्पा तेव्हा पोरसवदा, अंगावर खाकी नवी, गळ्यात लिंग, मनात आईनं भरलेली शंभर भयं. आणि अण्णांनी स्वतःच्या हातानं भाकरी मोडून त्यांच्यापुढे टाकली होती. "ऊटा माडु, तम्मा." जेव रे, भावा. त्यानंतर दोनच महिन्यांनी एका रंगाच्या कारखान्यात त्यांना भोवळ आली. कमरेचा दोर त्यांनी किती वेळा ओढला, त्यांना आजही सांगता येत नव्हतं. उंबऱ्यावर असलेले अण्णा म्हणायचे, तू ओढलाच न्हाईस, मलाच कळलं. वीरभद्रप्पांचा देवावर जेवढा विश्वास होता तेवढाच त्या परातीवर होता, किंबहुना काकणभर जास्तच, कारण देवानं त्यांना अजून कुठून ओढून काढलेलं नव्हतं.

मायाप्पा आला तो दुष्काळाच्या पाठोपाठ, खडी फोडून हातांना घट्टे पडलेले, उंचापुरा, कमी बोलणारा. पहिल्या सोमवारी त्याची जोडी शिवप्पाबरोबर लागली. शिवप्पानं परातीकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, आज सोमवार. उपास हाय." खरंच होतं ते, शिवप्पाचा सोमवार सगळ्यांना माहीत होता. मंगळवारी जोतीराम लागला. जोतीराम करकंबचा, मराठा, तालमीतला गडी, एका बैठकीला सहा भाकऱ्या रिचवणारा. त्याचा मंगळवार त्या दिवशीच सुरू झाला. बुधवारी बसप्पाचं पोट बिघडलं. गुरुवारी आणखी कुणाला दत्तगुरू आठवले. एवढी भक्ती त्या बंबखान्यात त्याआधी कधी उतरली नव्हती आणि त्यानंतरही उतरली नाही. कुणी एक वावगा शब्द बोललं नाही; ताट झालं नाही म्हणून दोर मात्र रोज दुसऱ्याच जोडीकडे गेला. मायाप्पा चारही दिवस परातीपाशी येऊन उभा राहिला, पाचव्या दिवशी आला नाही. त्या दिवशी वीरभद्रप्पांनी त्याला खोलीत बोलावून घेतलं. "मायाप्पा, पंप म्हणजे बंबाचं काळीज. तिथं भरवशाचा माणूस पायजे. तुला पंपावर घेतो." "व्हय, साहेब," तो म्हणाला. पंपाला जोडी लागत नाही. जोडी नाही, तर परात नाही. परात नाही, तर उपास नाहीत. भांडण नाही, तक्रार नाही, कचेरीत कागद नाही. त्या रात्री ते घरी फार समाधानानं जेवले होते, हे त्यांना आता भर उन्हात आठवलं आणि सायकलवरून उतरावंसं वाटलं. दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला, अशी म्हण आहे. उपास करणारे जागच्या जागी राहिले होते आणि हलला होता तो उपाशी.

बंबखान्यात पोचले तेव्हा मायाप्पा पंपाचं पितळ पुसत होता. साहेबांच्या हातातला कागद त्यानं बघितला. तो आपलाच आहे हेही त्यानं ओळखलं असणार, पण विचारलं नाही. वीरभद्रप्पा आपल्या खोलीत जाऊन बसले. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. गेल्या पावसाळ्याआधी चादरींच्या एका गोदामाला आग लागली होती, त्या वेळचं एक चित्र त्यांच्या मनात उगाच रेंगाळत राहिलेलं होतं. जोतीराम आत होता, उंबऱ्यावर बसप्पा, आणि लांब रस्त्यावर पंपाशी मायाप्पा. त्याचा डावा हात पंपाच्या दांड्यावर होता आणि एक बोट दांड्यावर टकटक करत होतं. एकदा. मग बऱ्याच वेळानं एकदा. मग दोनदा. खोड असेल, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं; एकेकाला असते. आता खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना कळलं, की बसप्पाच्या हातातला दोर जसा हलत होता तसं ते बोट हलत होतं. तीस पावलांवरून, धुरातून, दुसऱ्याच्या हातातला दोर तो वाचत होता. तीन वर्षं वाचत होता. वीरभद्रप्पांनी खिडकीतून नजर काढून घेतली. लाज म्हणतात ती हीच, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं आणि ते कबूल करूनही ती कमी झाली नाही.

नोंदवही समोरच होती. दहा ओळी. मागच्या तारखा, बसप्पाचं नाव जोडीला, खाली सही. कोण विचारणार होतं? मायाप्पाचं भलं होणार होतं, कुणाचं वाईट होणार नव्हतं. त्यांनी टोपण काढून पेन हातात धरलं आणि मग त्यांना दिसलं, की हीसुद्धा पंपाचीच युक्ती आहे, फक्त शाईची. पुन्हा कुणाला काही बोलायला नको, कुणी हलायला नको. आणि दहा खोट्या नोंदी घेऊन हा माणूस उद्या लीडिंग फायरमन होईल, दुसऱ्याला धुरात पाठवील, आणि त्याला स्वतःला धुरातला दोर कधी लागलेलाच नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण धुरात मूठ झाकून चालत नाही. त्यांनी टोपण लावलं; दिवसाला एकच नोंद, म्हणजे यंदाची मुदत हुकणारच होती. मग मनात जे आलं ते इतकं सरळ होतं, की आधी कसं सुचलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं. मायाप्पाची जोडी ते स्वतः होणार. परातीत ते स्वतः बसणार. साहेब बसल्यावर कोणाचा उपास टिकतो तेच बघू!

घरी त्यांनी दाक्षायणीला सांगितलं, "सोमवारी डबा दोघांचा दे." "कुणाला आणताय जेवायला?" त्यांनी सांगितलं. जोडी, परात, मायाप्पा. ती परातीत पीठ मळत होती. तिचा हात थांबला नाही, पण जरा मंदावला. "महिन्याच्या महिन्याला मठात जाऊन डोलता की," ती म्हणाली. "सगळी माणसं एक म्हणून तितं मान हलवता. मग आत्ता सांगताना एवढा घाम कशाचा?" त्यांनी बाहीनं कपाळ पुसलं. मग तीच म्हणाली, "मी त्याला घरात बसवून वाढलं असतं काय? खरं सांगू? म्हाइत न्हाय मला." तिनं एवढं खरं बोलावं याचं त्यांना बरं वाटलं. रविवारी ते उगाच बाजारात हिंडले, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसले, आणि मनातल्या मनात सोमवारचं ताट जेवत राहिले. पहिला घास कोणी मोडायचा? अण्णांसारखं आपण भाकरी मोडून त्याच्यापुढे टाकायची. 'जेव रे, भावा.' शिवप्पाचं तोंड कसं होईल, तेही त्यांनी बघून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या चांगुलपणानं माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा त्यानं जपावं. पण हे त्यांना सोमवारी कळायचं होतं.

सोमवारी सकाळी कवायत झाली. धुराच्या खोलीत ओली पोती पेटवायची तयारी झाली. सरावाआधीच जेवणं उरकायची, म्हणून साडेदहाला परात मांडली गेली, आणि वीरभद्रप्पांनी स्वतः तिच्यात भाकऱ्या ठेवल्या, चटणी वाढली, दह्याची वाटी मधोमध ठेवली. मग मांडी घालून बसले. "आज माझी जोडी मायाप्पाबरोबर," ते मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांच्या हातातली कामं थांबली. शिवप्पा भिंतीकडे बघू लागला, जोतीरामनं मिशीवरून हात फिरवला. "ये, मायाप्पा. बस." मायाप्पा हात पुसत आला. परातीपासून दोन पावलांवर थांबला, तीन वर्षांपूर्वी थांबला होता त्याहून तसूभर पुढं नाही. वीरभद्रप्पांनी भाकरी मोडली आणि त्याच्या बाजूला ठेवली.

"साहेब, दोरी द्या," तो म्हणाला. "ताट नको."

"अरे, बस म्हणतो मी. कोण काय म्हणतंय ते मी बघतो."

"म्हणूनच नको, साहेब." त्याचा आवाज चढला नव्हता. "आज तुमी बसवलं म्हणून मी बसीन. तुमची बदली झाल्यावर? नवा साहेब आला अन् त्याचा सोमवार असला तर?" त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "मी हितं जेवाय न्हाय लागलो. आगीच्या कामाला लागलोय. माझ्या घरी भाकरी हाय. दोरी न्हाय."

वीरभद्रप्पांना पहिल्यांदा आला तो राग. चांगला सणकून आला. एवढा जिवाचा धडा करून बसलो, बायकोचे शब्द ऐकले, सगळ्यांदेखत भाकरी मोडली, आणि हा म्हणतो ताट नको! मोडलेली भाकरी परातीत तशीच पडली होती. शिवप्पाच्या ओठांवर काहीतरी हललं. ते हसू असावं असा त्यांना संशय आला आणि राग आणखी चढला. ते पाण्याचा तांब्या उचलून घटाघटा प्यायले. आणि पिता पिता, कशानं कोण जाणे, त्यांना ते पहिले चार दिवस मायाप्पाच्या बाजूनं दिसले. त्यानं ताट मागितलं नव्हतं. तेव्हाही नव्हतं मागितलं. तो परातीपाशी येऊन उभा राहायचा, कारण दोरीचा रस्ता परातीवरून जात होता. आणि तो रस्ता त्यांच्या अण्णांनी बांधला होता. चांगल्या मनानं बांधला होता, जीव वाचवायला बांधला होता, आणि त्याच रस्त्यावर हा माणूस तीन वर्षं उभा होता. परात वाईट नव्हती. पण दोरी ज्याला द्यायची त्याला आधी कुणीतरी जवळ बसवून घ्यावं लागत होतं, आणि ते घ्यायचं की नाही हे बसलेल्यांच्या हातात होतं. आजही होतं. फक्त आज बसलेला माणूस वीरभद्रप्पा होता आणि स्वतःवर खूष होता.

ते उठले. मांडीतून उठताना गुडघे वाजले. भिंतीवर ड्यूटीचा फळा होता. त्यावरच्या सगळ्या जोड्या त्यांनी फडक्यानं पुसल्या. खडूनं लिहिलं: 'आजपासून जोड्या हजेरीपटाच्या क्रमानं.' खाली आणखी एक ओळ लिहायची होती. ती लिहिण्याआधी त्यांनी खडू खाली ठेवला; म्हातारे अण्णा कुंभारी गावात आपल्या घराच्या ओट्यावर बसले असतील आणि त्यांना हे कुणीतरी आजच्या आज जाऊन सांगेल, हे त्यांना ठाऊक होतं. तरी लिहिलं: 'जेवण ज्याचं त्यानं आपल्या वेळेला.' मग परात उचलली आणि आपल्या हातानं आतल्या खोलीत नेऊन ठेवली. बाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, "अण्णांची रीत मोडली की." बसप्पाचा आवाज होता. त्यात वाईट वाटणं होतं आणि ते खरं होतं. वीरभद्रप्पांनाही तेवढंच वाईट वाटत होतं.

"हजेरीपटात शिवप्पाच्या खाली बनसोडे," ते बाहेर येऊन म्हणाले. "बनसोडे आत. शिवप्पा, तू उंबऱ्यावर."

शिवप्पा जागचा हलला नाही. "साहेब," तो म्हणाला, "आज सोमवार. उपास हाय."

"उपास ताटाला असतोय, शिवप्पा. दोरीला नसतोय."

कुणी हसलं नाही. शिवप्पानं एकदा फळ्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. दोर उचलला. पोती पेटली, खोलीतून पिवळट धूर उंबऱ्यावर यायला लागला. मायाप्पानं पंचा भिजवून तोंडाला बांधला, दोर कमरेला बांधून गाठ दोनदा ओढून बघितली आणि तो आत गेला. दोन पावलांत दिसेनासा झाला. शिवप्पानं टोक धरलं होतं, पण तोंड दुसरीकडे फिरवून, लग्नात न पटलेल्या पाहुण्यानं उभं राहावं तसं. वीरभद्रप्पा त्याच्या मागं उभे होते. मध्ये पडायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं, आणि ते फार अवघड होतं. दोर सरकत राहिला. मग ताठला. एक हिसका आला.

शिवप्पा अजून दुसरीकडेच बघत होता. पण त्याच्या हातानं उलट हिसका दिला. त्याच्या मनानं ठरवायच्या आधीच दिला; पंधरा वर्षं दोर धरलेला हात होता तो. थोड्या वेळानं दोन हिसके आले. हातानं ढील दिली. आता शिवप्पाची मान वळली होती. तो धुराकडे बघत होता, डोळे बारीक करून, पाय उंबऱ्याला रोवून, आणि आपलं बोलणं, आपला उपास, सगळं त्याच्या ध्यानातून गेलं होतं. आत एक माणूस होता आणि तो त्याच्या हाताला लागत होता. शिवप्पाला मायाप्पा आवडत होता असं नव्हे. उद्या परवा तो पुन्हा कुरकुर करील, कचेरीत जाईल, अर्ज देईल. वीरभद्रप्पांना आपली माणसं माहीत होती. पण दोर त्यानं सोडला नव्हता, आणि त्याच्या पोटात मायाप्पाच्या ताटातलं मीठ नव्हतं. बावीस वर्षं ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला ती तेवढी खरी नव्हती, हे असं उभ्या उभ्या कळलं, की माणसाला थोडं पोरकं वाटतं. त्यांना वाटलं.

बारा मिनिटांनी मायाप्पा रांगत बाहेर आला. खोकला, थुंकला, बादलीतलं पाणी डोळ्यांवर मारलं. शिवप्पा दोर गुंडाळत होता. मायाप्पानं कमरेची गाठ सोडून उरलेलं टोक त्याच्याकडे टाकलं. वीरभद्रप्पांनी नोंदवही बाहेर आणवली आणि बंबाच्या पायरीवर ठेवून लिहिलं. तारीख. आत: मायाप्पा बनसोडे. उंबऱ्यावर: शिवप्पा. खाली दोघांच्या सह्या घेतल्या. संध्याकाळी मुदत संपत होती. अर्ज यंदा जाणार नव्हता, आणि मागची तीन वर्षं त्याला कुणीच परत आणून देणार नव्हतं. हे त्याला आपण सांगायला हवं, दुसऱ्या कुणी नाही.

"मायाप्पा," ते म्हणाले, "यंदाचा अर्ज गेला. माझ्यामुळं गेला."

मायाप्पानं वहीतली ओळ वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट ठेवून, शाळेतल्यासारखी. मग ओल्या पंच्यानं तोंड पुसलं.

"नऊ राहिल्या, साहेब," तो म्हणाला. "उद्या किती वाजता?"